मेणाचं नाक

तुमच्या दोन्ही तळव्यांमध्ये एका माणसाचं डोकं आहे. ते घट्ट धरून ठेवायचं, एवढंच तुमच्याकडे सोपवलेलं काम. साल १७९३, उन्हं तापायला लागलेली, पुण्याजवळचं एक अंगण. माणूस उताणा निजला आहे. नाकाच्या जागी चकाकणारा, आकसलेला व्रण आणि दोन उघडी भोकं. एक हात मनगटापाशी संपलेला. भूल नावाची गोष्ट जगात यायला अजून पन्नासहून जास्त वर्षं आहेत, त्यामुळे आता जे होणार आहे ते तो पूर्ण शुद्धीवर सोसणार आहे.

त्याचं नाव कावसजी. शेतकरी मराठा, इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायला गेला होता. त्या काळची फौज बैलांच्या पाठीवर चालते. दाणा, दारूगोळा, तोफा, सगळं बैल ओढतात. १७९१च्या मे महिन्यात टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणच्या तोंडाशी पोहोचलेल्या इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसला बैल मेले म्हणून स्वतःच्याच मोठ्या तोफा निकामी करून माघारी फिरावं लागलं होतं. अशा लढाईत बैलवाला शत्रूच्या तावडीत सापडला तर त्याचं काय होतं, ते तुमच्या तळव्यांमध्ये आहे. टिपूच्या कैदेत त्याचं नाक आणि एक हात गेला. तशाच अवस्थेत तो मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. ईस्ट इंडिया कंपनीनं पेन्शन बांधून दिली, पण नाक नसलेला चेहरा घेऊन त्याला वर्षाहून अधिक काळ गावात वावरावं लागलं.

आता त्याच्या उशाशी जो माणूस उकिडवा बसला आहे तो वीटकाम करणाऱ्या जातीचा. त्याच्या नखांकडे बघा. माती आणि राखेनं रंगलेली ही बोटं रोज ओल्या चिखलाला आकार देतात. आज त्या बोटांत मेण आहे.

उन्हात मऊ केलेलं मेण तो दाबून पातळ पापुद्रा करतो आणि कावसजीच्या चेहऱ्यावर बसवतो. दोन पावलं मागे सरतो. मान तिरकी करून बघतो. पुन्हा पुढे येऊन चिमटीनं शेंडा किंचित उचलतो, एक नाकपुडी आत दाबतो, परत मागे जाऊन बघतो. कावसजीच्या गालाची हाडं रुंद असली तर नाकही तसंच हवं, दुसऱ्या कुणाचं तरी देखणं नाक इथे चालायचं नाही. तुमच्या तळव्यांतला तो चेहरा हळूहळू पुन्हा माणसासारखा दिसायला लागतो. नाक अजून मेणाचंच आहे, रक्ताचा थेंबही सांडलेला नाही, पण माझ्या मते ही शस्त्रक्रिया इथेच अर्धी झाली. कापण्याआधी काय हवं ते डोळ्यांना दिसलं पाहिजे. हे ज्याला कळतं तो मूर्तिकार असतो, आणि आज मूर्तिकार आणि शल्यवैद्य एकच आहे.

मग तो ते सुंदर नाक मोडतो. हलक्या हातानं उचलून, चेपून सपाट करतो. उभ्या आकाराचं कातडं किती लागेल, हे शिंपी जसं अंगाचं माप कापडावर उतरवतो तसं त्यानं मेणात उतरवलं आहे. सपाट झालेला तुकडा तो कावसजीच्या कपाळावर उलटा ठेवतो: रुंद बाजू केसांकडे, निमुळती बाजू भुवयांकडे. भोवतीनं रेघ ओढतो. सुश्रुतसंहितेत नाकाच्या मापाचं झाडाचं पान कापून घ्यायला सांगितलं आहे आणि कातडं गालाचं घ्यायला. कित्येक शतकं उलटली, पानाच्या जागी मेण आलं, गालाच्या जागी कपाळ आलं. आधी माप, मग पातं, हा क्रम मात्र तोच राहिला.

आता डोकं आणखी घट्ट धरा.

पातं रेघेवरून फिरतं. कपाळाचं कातडं सुटत खाली येतं आणि तुमच्या बोटांवर गरम रक्त ओघळतं. कावसजीच्या मानेच्या शिरा टरारतात, घशातून आवाज येतो, पण तो हलत नाही. बैल उधळला तरी कासरा न सोडणाऱ्या माणसाची ही सहनशक्ती आहे. कातडं तीन बाजूंनी सुटलं. चौथ्या बाजूला, दोन डोळ्यांच्या मधे, एक अरुंद पट्टी त्यानं मुद्दाम जोडलेली ठेवली आहे. तिच्याकडे नीट पाहून घ्या. सगळी विद्या त्या बोटभर पट्टीत आहे. ती कापली तर कपाळाचं कातडं काही दिवसांत काळं पडून गळून जाईल. ती आहे तोवर नव्या नाकाला कपाळाचं रक्त मिळत राहील, आणि तेवढ्या दिवसांत खालच्या जखमेतून नव्या रक्तवाहिन्या त्यात शिरतील.

जुन्या व्रणाची कड तो खरवडून ओली करतो. त्याच्यामागे नाकपुड्यांच्या बाजूनं वरच्या ओठापर्यंत एक खाच घेतो. कातड्याला अर्धा पीळ देऊन खाली आणतो आणि कड त्या खाचेत बसवतो. टाका एकही नाही. टाक्याऐवजी काय, तर तुम्ही जेवणानंतर पानात खाता तो कात! पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर माखून पाच-सहा पट्ट्या एकावर एक बसवल्या की सांधा धरून राहतो. कात तुरट असतो, वाळला की कडक होतो.

चार दिवस दुसरं काही लावायचं नाही. मग कात काढून तुपात भिजवलेली कापडं. पाच-सहा दिवस पाठीवरच निजायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती पट्टी कापायची आणि नाकाला शेवटचा हात फिरवायचा. स्वयंपाकघर, पानाचा डबा, कुंभाराचं अंगण: एवढ्या सामानात एका माणसाला त्याचा चेहरा परत मिळाला.

दहा महिने पुढे चला. १७९४चा जानेवारी. आता तुमच्या हातात खल आहे आणि तुम्ही रंग घोटत आहात. समोर कावसजी बसला आहे, आणि त्याच्यासमोर जेम्स वेल्स, स्कॉटलंडच्या पीटरहेडचा चित्रकार. १७९१मध्ये तो मुंबईत उतरला, आणि पेशव्यांच्या दरबारातली मोठी माणसं त्याच्या कॅनव्हासवर येऊन गेली: सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे. त्याच कुंचल्यापुढे आज एक बैलवाला. पुण्याचा गंगाराम तांबट वेरूळची लेणी कागदावर उतरवण्यात मग्न असलेले हे दिवस. देवांची नाकं त्याच्या कागदावर, आणि इथे एका माणसाचं.

वेल्स थांबून बघतो. व्यक्तिचित्र काढणाऱ्याला नाकाची लबाडी लगेच कळते. उजेडाच्या विरुद्ध बाजूला पडणारी सावली ते नाक कसं उभं आहे ते सांगते. हे नाक चेहऱ्यावर उभं आहे, चिकटवलेलं वाटत नाही. कपाळावरचा व्रण वेल्स लपवत नाही, आणि यासाठी मी त्याला मानतो. दरबारी चित्रकाराला चेहऱ्यावरचं वैगुण्य पुसायची सवय असते. इथे ते पुसलं असतं तर चित्राला अर्थच उरला नसता. दुसऱ्याच वर्षी हा चित्रकार ठाण्यात तापानं जाणार आहे, हे त्याला माहीत नाही. तुम्हालाच माहीत आहे.

समुद्र ओलांडायला जहाजाला महिनोन्‌महिने लागतात. ऑक्टोबर १७९४, लंडन. तुमच्या हातात ‘जेंटलमन्स मॅगझिन’चा ताजा अंक आहे, शाईचा वास अजून गेलेला नाही. वेल्सचं चित्र कोरक्यानं तांब्याच्या पत्र्यावर बारीक रेघांनी कोरलं, पत्र्याला शाई लावून कागदावर दाबलं, आणि कावसजी आता विलायतेतल्या वाचकांच्या घराघरांत पोहोचला आहे. चेहऱ्याबरोबर मेणाच्या सपाट तुकड्याच्या आकृत्याही छापल्या आहेत. मजकुराखाली फक्त दोन अक्षरं: बी. एल. या पत्रलेखकानं मापापासून पंचविसाव्या दिवसापर्यंत सगळं इतक्या नेमकेपणानं लिहिलं आहे की वाचून एखाद्याला करून बघता यावं.

मजकूर पुन्हा वाचा, या वेळी फक्त नावं शोधत. रुग्णाचं नाव आहे. शस्त्रक्रिया पाहणाऱ्या मुंबई इलाख्याच्या दोन डॉक्टरांची नावं आहेत. ज्यानं नाक केलं तो मात्र फक्त ‘पुण्याजवळचा, वीटकाम करणाऱ्या जातीचा एक माणूस’. बघणाऱ्यांची नावं उरली, करणाऱ्याची जात उरली. मला याची चीड येते. विचारायला किती वेळ लागला असता? त्याच पुण्यात नानांच्या दप्तरात पैशापैशाचा हिशेब लिहिला जात होता. पण मातीत हात घालणाऱ्याची विद्या त्याच्या घरात, बापाकडून मुलाकडे जाते आणि कागदावर येत नाही. आली तर अशी, जातीच्या नावानं. यात दोष नुसता इंग्रजांचा नाही, आपलाही आहे.

वीस वर्षं तो अंक कपाटांत पडून राहतो. मग २३ ऑक्टोबर १८१४. चेल्सीतलं एक लष्करी रुग्णालय, आणि तुमच्या हातात रक्त टिपायचा स्पंज. पाऱ्याच्या औषधानं नाक गमावलेला एक फौजी अधिकारी खुर्चीत आहे. शल्यवैद्य आहे जोसेफ कॉन्स्टंटाइन कार्प्यू. प्रेतांवर सराव करून झाला आहे, हिंदुस्थानातून आलेल्या लोकांना विचारून झालं आहे, आणि तरी जिवंत माणसाच्या कपाळाला पातं लावताना तो क्षणभर थांबतो.

कलेशी या माणसाचं नातं जुनं आहे. १८०१मध्ये वधस्तंभावर खिळलेलं शरीर खरोखर कसं लोंबतं, हे रॉयल अकॅडमीच्या तीन कलावंतांना बघायचं होतं. फाशी गेलेल्या एका माणसाचं प्रेत कार्प्यूनं त्यांच्यासाठी क्रुसावर चढवलं, आणि त्याचा प्लास्टरचा साचा घेतला गेला. त्या साच्याकडे बघणं सोपं नाही. जिवंत चेहऱ्यासाठी केलेलं मेणाचं माप आणि मृताच्या अंगावरून घेतलेला साचा, दोन्ही शरीराचा आकार पकडायच्या त्याच हौसेतून येतात. पण एकाला दुसऱ्या माणसाची गरज दिसते, दुसऱ्याला फक्त आकार दिसतो.

कार्प्यूचं काम जमतं. पट्टी उघडल्यावर रुग्णाचा मित्र चकित होऊन ओरडतो की अरे, हे तर नाकच आहे! १८१६मध्ये कार्प्यू पुस्तक लिहितो, दोन वर्षांनी जर्मनीत कार्ल फॉन ग्रेफेचं पुस्तक येतं, आणि युरोपात ही विद्या ‘भारतीय पद्धत’ म्हणून रुजते. देशाचं नाव लागलं, माणसाचं नाही.

आता आजच्या पुण्यातल्या एका ऑपरेशन थिएटरमध्ये या. तुम्ही शिकाऊ डॉक्टर आहात आणि तुमच्या हातातल्या बारीक आकड्यानं कातड्याची कड उचलून धरायची आहे. टेबलावर एक शेतकरी आजी आहेत. नाकाच्या शेंड्यावरचा त्वचेचा कर्करोग नुकताच काढला आहे. खड्डा खोल आहे. कुठे कुठे आता चेहऱ्याचं स्कॅनिंग करून त्रिमितीय प्रिंटरवर माप छापून घेतात. इथे शस्त्रक्रिया करणाऱ्या मॅडम टाक्याच्या दोऱ्याचं रिकामं पाकीट मागतात. त्याची चंदेरी पन्नी खड्ड्यावर दाबतात, कडा कात्रीनं कापतात, मागे सरून बघतात. पन्नी सपाट करून कपाळावर उलटी ठेवतात आणि जांभळ्या पेननं भोवती रेघ ओढतात. जगभरच्या अनेक थिएटरांत हेच करतात.

नंतर डॉप्लरची बारीक कांडी भुवईच्या आतल्या टोकाशी टेकते आणि यंत्रातून धमनीचा आवाज येतो, फुस्, फुस्. ज्या पट्टीला धक्का लावायचा नाही, ती आता ऐकूही येते. कात नाही, तुपात भिजवलेली कापडं नाहीत. केसाहून बारीक दोऱ्याचे टाके आहेत, भूल आहे, आजींना दुखणार नाही. भुवयांमधली पट्टी मात्र तीनएक आठवडे तशीच राहणार.

आजींना ते आधीच समजावून सांगितलं आहे, तरी शुद्धीवर येताना त्या पुन्हा विचारतात. चष्मा कसा लावू? पोथी वाचायची राहते ना. मॅडम त्यांचा हात हातात घेऊन म्हणतात, “तीन आठवडे पोथी नातीकडून ऐका, आजी. पट्टी काढली की तुमचा चष्मा तुमच्या नाकावर.”

तुम्ही बाहेर येऊन ऑपरेशन नोट लिहायला बसता. आजींचं नाव. निदान. शस्त्रक्रिया कोणी केली, त्या रकान्यात मॅडमचं पूर्ण नाव. भूल कोणी दिली. सहायक म्हणून तुमचं स्वतःचं. खाली पट्टी कापायची तारीख टाकून सही करता आणि फाइल वॉर्डात पाठवता.