गावठाण म्हणजे गाव नव्हे



पनवेलहून लोकलने मुंबईकडे निघालात, की खांदेश्वरनंतर मानसरोवर नावाचे स्टेशन लागते. तिथे उतरून कुणालाही विचारा, "कामोठे कुठे हो?" तो समोरच्या उंच इमारतींकडे बोट दाखवील आणि सेक्टरचा आकडा सांगेल. पण ज्या गावाचे नाव या वसाहतीने घेतले, ते कामोठे गाव या इमारतींच्या गराड्यात आहे. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे. कळंबोली, खारघर, रोडपाली, आसूडगाव यांची कहाणीही थोड्याफार फरकाने हीच.

आता गाव म्हणजे काय? घरे, देऊळ, विहीर एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. पण पनवेलच्या खाडीकाठचे गाव घरांपुरते कधीच नव्हते. त्याचा जीव होता खारात आणि खाडीच्या बांधात.

हा बांध ज्यांनी पाहिला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. भरतीचे खारे पाणी शेतात शिरले, की भात गेले. म्हणून खाडीच्या कडेने चिखलमातीचा लांब बांध घालायचा. त्याला पाण्याची वाट ठेवायची, तिला म्हणतात उघाडी. ओहोटीला उघाडीतून शेतातले पावसाचे जादा पाणी खाडीत जाते आणि भरतीला ती बंद झाली, की खारे पाणी बाहेर राहते. पावसाच्या पाण्याने जमिनीतला खार धुऊन निघतो आणि मग तिथे भात उभे राहते. पण बांधाला एक खांड पडली, तर नुकसान एकट्याचे होत नाही, साऱ्या शिवाराचे होते. म्हणून अशा वेळी हे शेत कुणाचे, असे विचारत बसायची सोय नव्हती. घमेली-फावडी घेऊन सगळ्यांनी धावायचे. गावाची एकी म्हणतात ती अशी गरजेतून आली, बरं का!

याची व्यवस्थाही जुनी होती. शिलोत्री पद्धतीत खाडीचा मोठा बांध राखण्याची जबाबदारी शिलोत्रदारावर असे आणि त्यापोटी खार कसणारे शेतकरी त्याला धान्य देत. स्वातंत्र्यानंतर सरकारने १९४८ साली खार जमिनींसाठी कायदाच केला. शेतीला जोड म्हणून कुठे मिठागर, तर कुठे खाडीतली मासळी. आणि बाजार पनवेलचा. ते काही साधे गाव नव्हते. १८३० साली बोरघाटातून गाड्यांचा रस्ता झाला, तेव्हा घाटावरचा माल पनवेलला उतरून गलबतांनी मुंबईला जाई. १८५२ साली इथे नगरपालिका झाली. पुढे १८६३ मध्ये घाटातून रेल्वे गेली आणि बंदराची वर्दळ ओसरली. आजूबाजूच्या गावांचा बाजार मात्र पनवेलच राहिला.

मग १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन उजाडला. कसेल त्याची जमीन! ज्यांच्या कित्येक पिढ्या कुळे म्हणून राबल्या, त्यांचे नाव मालक म्हणून सातबाऱ्यावर येऊ लागले. त्याला जेमतेम १३ वर्षे होतात न होतात, तोच १९७० साली नव्या मुंबईची योजना आली. सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. मुंबईची गर्दी कुठेतरी जायला हवी होती, हे खरे. पण तिची किंमत कुणी मोजायची? या प्रश्नावर शेतकरी उभा राहिला. जासईत जन्मलेले आणि पनवेलचे आमदार राहिलेले दि. बा. पाटील त्यांचे पुढारी होते. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. पुढे १९९० मध्ये संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले, त्यामागे हे रक्त होते.

खाडीच्या पलीकडे विमानतळासाठी दहा गावे जागची उठली. उलव्याची टेकडी सपाट झाली आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला त्या विमानतळाचे उद्‌घाटन झाले. कामोठे उठले नाही. घरे जागच्या जागी राहिली, शेते तेवढी गेली. आणि इथेच खरी मेख आहे. सरकारी मोजणीत गावठाण म्हणजे घरांभोवती आखलेली रेघ. ती रेघ तेवढीच राहिली आणि माणसे वाढली. मुलाचे लग्न झाले, खोली वाढवायची, तर जागा कुठे? रेघेबाहेर बांधावे, तर ती जमीन कागदोपत्री केव्हाच गेलेली. गावकरी म्हणतात, "ही घरे गरजेपोटी बांधली." कागद म्हणतो, "अनधिकृत." ज्यांच्या वाडवडिलांनी ते शिवार राखले, त्यांनाच त्या शिवारात पाहुणे ठरवायचे का?

१ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महानगरपालिका झाली. तिच्यात २९ गावे आली आणि त्यांच्या ग्रामपंचायती संपल्या. दिवाबत्ती, रस्ते यांची जबाबदारी महापालिकेकडे गेली. पण गावाची आठवण राखायचे काम कुणाकडे गेले?

मला वाटते, ते काम शाळेकडे यावे. गुरुजी, आपल्या वर्गात गावची मुले आहेत आणि बाहेरून आलेल्यांचीही आहेत. दोघांना बरोबर घेऊन एकदा गावात जा. म्हाताऱ्यांना विचारा, कुठल्या शेताला काय म्हणत, उघाडी कुठे होती, खांड पडली तेव्हा कोण कोण धावले. सांगतील ते नकाशावर लिहून घ्या. शहराने त्या शेतांना आकडे दिले, पण त्यांची नावे अजून काही जणांच्या तोंडी आहेत. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीत तग धरणारी भाताची वाणे काढली, त्यांची नावे पनवेल १, पनवेल २, पनवेल ३. म्हणजे इथल्या खाराचे शहाणपण बियाण्यात तरी जपले गेले. ते मुलांच्या वहीतही उतरू द्या. एवढे काम या पावसाळ्यापूर्वीच करा, कारण सांगणारी माणसे थकली आहेत.