भूत खोटें, गाऱ्हाणें खरें

भूत आणि नोकरी यांची जोडी प्रथमदर्शनीं विजोड वाटते. भूत म्हटलें कीं ओसाड वाडा, अमावास्येची रात्र आणि पारावरचा पिंपळ डोळ्यांपुढें येतो. नोकरी म्हटली कीं हजेरीपुस्तक, साहेबाची घंटा आणि महिनाअखेरचा पगार. तथापि जुन्या सयामांत, म्हणजे आजच्या थायलंडांत, चित्रपटकारांनीं ही जोडी मोठ्या कौशल्यानें जमविली आहे. भीति आणि हास्य यांचें मिश्रण ही त्या देशाची आवडती करमणूक. आणि तिचें ठिकाण कधीं पेट्रोल पंप, कधीं प्रेतसंस्कार करणाऱ्या बापलेकांचा धंदा, तर कधीं कारखाना असें असतें. २०२५ सालीं कान येथील महोत्सवांत समीक्षक सप्ताहाचें सर्वोच्च पारितोषिक मिळविणारा ‘अ यूजफुल घोस्ट’ हा राच्चापूम बूनबंचाचोक यांचा चित्रपट याच जातीचा. त्यांत हवेंतील धुळीमुळें मेलेली पत्नी धूळ ओढणाऱ्या यंत्रांत शिरून पतीकडे परत येते, आणि सासरच्या कारखान्यांत मेलेल्या एका कामगाराचें भूत तेथील काम बंद पाडतें. सुनेला घरांत थारा हवा, तर तिनें आपण ‘उपयोगी भूत’ आहों हें दाखवावयाचें. म्हणजे इतर भुतांचा बंदोबस्त करावयाचा! मेल्यावरहि मनुष्याची चाकरी सुटत नाहीं, ही कल्पना हसविते, आणि हसतां हसतां मनास चाटून जाते.

हा प्रकार मराठी मनुष्यास परका वाटण्याचें कारण नाहीं. कडक वरिष्ठास आपण ‘खवीस’ म्हणतों. टळत नसलेलें काम ‘मानगुटीस बसलें’ असें म्हणतों. आपल्या भुतांच्या जाती पाहिल्या, तर बहुतेकींच्या मुळाशीं कांहीं तरी अपुरें राहिलेलें आढळतें. मुंज होऊन लग्नाआधीं मेलेला मुलगा मुंजा होतो. ज्याचा जीव आपल्या ठेव्यांत गुंतला, तो समंध होऊन त्या ठेव्यावर पहारा करितो. वेताळ तर गांवचा रात्रपाळीचा पहारेकरीच. फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून कोंकण-गोमंतकांत त्याला नव्या वहाणा वाहण्याची चाल आहे. सारांश, मराठी भूत म्हणजे न मिटलेलें खातें होय.

इंग्रजी अमदानींत या भुतांची जी मोठी नोंद झाली, ती कोणीं केली हेंहि पाहण्यासारखें आहे. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांना लोकसमजुती गोळा करण्याचा नाद होता. २१ डिसेंबर १९०९ रोजीं अनंत कान्हेरे यांच्या गोळीनें त्यांचा अंत झाला. त्यांनीं जमविलेली सामग्री पुढें एन्थोवेन यांनीं संकलित केली, आणि तिचा कोंकणावरील भाग १९१५ सालीं प्रसिद्ध झाला. ही माहिती मुख्यतः गांवोगांवच्या शाळामास्तरांनीं लिहून पाठविलेली होती. नोंदींखालीं त्यांच्या गांवांचीं नांवें आहेत. वरून आलेल्या प्रश्नावलीस उत्तर देणें हा नोकरीचाच भाग; तेव्हां दिवसां मुलांना ‘भूतबीत कांहीं नसतें’ असें बजावणारा एखादा मास्तर रात्रीं कंदिलाच्या उजेडांत भुतांची यादी करीत बसला असेल, अशी कल्पना केल्यास ती अगदींच निराधार ठरूं नये.

लोककथेंतील भूत तर उघड उघड नोकरच आहे. एका गृहस्थानें भूत वश केलें. भूत म्हणालें, “काम दे, नाहीं तर तुलाच खाईन.” शेत नांगरून झालें, विहीर खणून झाली, धन्याजवळ काम उरेना. शेवटीं त्यानें अंगणांत एक उंच बांबू रोविला आणि ‘मी पुरे म्हणेपर्यंत यावर चढत-उतरत राहा’ असें फर्माविलें. लहानपणीं ही गोष्ट ऐकून आपण धन्याच्या युक्तीस हसतों. पुढें तीस वर्षें खर्डेघाशी केल्यावर मात्र बांबूवरच्या त्या भुताची कींव येऊं लागते.

पुण्याचें सर्वांत प्रसिद्ध भूत हसविणारें नाहीं. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारदी वाड्यांत शिरले ते थकलेल्या पगाराचा गिल्ला करीत. ‘धरावें’ या शब्दाचें ‘मारावें’ केलें गेलें, ही आख्यायिका तर एका अक्षराच्या फेरफाराची. तिचें खरें-खोटें बाजूस ठेवलें, तरी पगार, हुकूम आणि कागद या कचेरीच्या तिन्ही वस्तू या कथेंत हजर आहेत. रामशास्त्र्यांनीं राघोबादादांस दोषी ठरविलें. पण त्यांना देहान्त शासन कोणीहि केलें नाहीं. म्हणूनच ‘काका, मला वाचवा’ ही हांक वाड्यांत अजून ऐकूं येते, असें लोक सांगत आले. हांक खोटी असेल. तिच्यामागील अन्याय खोटा नव्हता.

या भयाला हास्याच्या वर्गांत आणून बसविण्याचें श्रेय पुष्कळ अंशीं द. मा. मिरासदार यांना द्यावें लागेल. मिरासदार (१९२७-२०२१) पुण्यांत आधीं शाळेंत शिक्षक आणि पुढें महाविद्यालयांत मराठीचे प्राध्यापक होते. मास्तरकी त्यांना आंतून ठाऊक होती. त्यांची ‘भुताचा जन्म’ ही कथा गांवगप्पांतून भूत कसें जन्मास येतें, हें दाखविते. रवि नमाडे यांच्या ‘एक डाव भुताचा’ (१९८२) या चित्रपटाचें लेखन त्यांचेंच. त्यांतील हेडमास्तरची भूमिकाहि त्यांनींच केली. दिलीप प्रभावळकर यांचा बुजरा मास्तर आणि अशोक सराफ यांनीं रंगविलेलें जुन्या काळच्या शिपाईगड्याचें भूत यांची तेथें गट्टी जमते. यांतील मर्म असें, कीं गरीब मास्तराला भुताची भीति फार काळ पुरत नाहीं. कारण शाळा आणि गांव यांचा धाक त्याहून मोठा असतो. दोघेहि हुकुमाचे ताबेदार. एक जिवंत, एक मेलेला, एवढाच फरक.

महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटांत दुसरा एक धंदा आला. लक्ष्मीकांत बेर्डे यांचा नायक बोलक्या बाहुल्यांचे खेळ करून पोट भरणारा. मरणोन्मुख गुंड तात्या विंचू मंत्राच्या बळावर त्याच्याच बाहुल्यांत शिरतो. ती बाहुली रामदास पाध्ये यांची. ज्या हत्यारावर पोट चालावयाचें, तेंच हत्यार उलटून बोलूं लागलें, ही या विनोदामागची खरी भीति आहे. थायलंडचें धूळ ओढणारें यंत्र आणि आमचा तात्या विंचू हे या दृष्टीनें सख्खे भाऊ म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु येथेंच एक फरक लक्षांत येतो. थाई चित्रपटांतील कामगाराचें भूत मालकाशीं भांडतें. आमचें विनोदी भूत कधीं गरिबाच्या मदतीस धांवतें, कधीं त्याचा छळ करितें. पण स्वतःचा थकलेला हिशेब तें क्वचितच मागतें. हसें पुष्कळ, हिशेब थोडा. मलेशियांत १९७० च्या दशकांत परदेशी कंपन्यांच्या कारखान्यांतील मुली काम करतांना एकाएकीं किंचाळूं लागत आणि यंत्रांत भूत दिसल्याचें सांगत. ऐवा ओंग या विदुषीनें १९८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्याचा अर्थ असा लावला, कीं जें त्यांना अधिकाऱ्यापुढें बोलतां येत नव्हतें, तें भुताच्या तोंडून बाहेर पडत होतें. कोंकणांत देवापुढें ‘गाऱ्हाणें घालतात’. त्या मुलींनीं तें भुताकरवीं घातलें, इतकेंच.

यावर कोणी म्हणेल, कीं असें बोलणें म्हणजे भुताला पुन्हा मागल्या दारानें घरांत घेणें होय. ही शंका या शहरांत तरी हलक्यानें घेतां येत नाहीं. २० ऑगस्ट २०१३ रोजीं सकाळीं ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा गोळ्या घालून खून झाला. त्यानंतर त्याच वर्षीं महाराष्ट्रांत जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचींतील पहिलेंच कलम भूत उतरविण्याच्या मिषानें मनुष्यास दोरखंडानें अगर सांखळीनें बांधून ठेवणें आणि काठीचाबकानें मारणें यांविषयीं आहे. तें वाचलें म्हणजे ध्यानांत येतें, कीं भूत हें कोणाचें तरी दुकान असतें, आणि त्या दुकानांत मार खावयास बसतो तो मात्र बहुधा दुबळा जीव.

म्हणून विवेक आणि विनोद यांत मला विरोध दिसत नाहीं. भूत नाहीं, हें निःशंकपणें सांगावें. परंतु ‘मला झपाटलें’ असें म्हणणाऱ्या माणसाला ‘तुला कांहींच झालें नाहीं’ असें सांगून उठूं नये. दाभोलकर स्वतः डॉक्टर होते; समोरचा मनुष्य हा आधीं दुःखी आहे, हें त्यांनीं कधीं विस्मरलें नाहीं. विनोदानेंहि तेवढेंच पथ्य पाळावें. बांबूवर चढणाऱ्या भुताला हसण्यापेक्षां, बांबू रोवणाऱ्या धन्याला हसणारा चित्रपट मराठींत निघेल, तेव्हां प्रेक्षकांत बसलेले कारकून, मास्तर आणि कामगार जें हसतील, तें निराळें असेल. तें हसणें ऐकून एखाद्या साहेबानें अंधारांत मागें वळून पाहिलें, तर भूत उतरलें असें खुशाल समजावें.