मोटारीच्या दिव्याची सीमारेषा : झेनॉन-बदलाची पूर्वपीठिका

मोटारीच्या पुढच्या दिव्याचा इतिहास सामान्यतः वाढत्या प्रकाशाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कार्बाइडची ज्योत, विजेचा तंतू, हॅलोजन, झेनॉन अशी चढती श्रेणी मांडली की विषय संपला, असा समज रूढ आहे. परंतु विपुल प्रकाश निर्माण करण्याचे साधन मोटारीला फार लवकर लाभले होते. त्यानंतर तंत्रज्ञांची बुद्धी मुख्यतः खर्ची पडली ती हा प्रकाश कोठे थांबवावा या प्रश्नावर. हॅलोजनसाठी घडविलेल्या दिव्यात बाजारातील झेनॉन बल्ब बसवून घेण्याची जी प्रथा अलीकडच्या दशकांत जगभर पसरली, तिचा अर्थ या प्रश्नाच्या इतिहासाखेरीज नीट उलगडत नाही.

कॅल्शियम कार्बाइड विपुल प्रमाणात तयार करण्याची रीत अमेरिकेत १८९२ साली टॉमस विल्सन याच्या हाती लागली. कार्बाइडवर पाण्याचे थेंब पडले की अ‍ॅसिटिलीन वायू निघे आणि त्याची शुभ्र ज्योत प्रारंभीच्या मोटारींना वाट दाखवी. १९०४ पासून हा वायू नळकांड्यांत भरून विकणारी ‘प्रेस्ट-ओ-लाइट’ ही कंपनी प्रसिद्धीस आली. कॅडिलॅकच्या १९१२ च्या मोटारीत विजेचा आरंभक आणि विजेचे दिवे एकत्र आले, आणि ज्योतीचे दिवस भरले. विजेचा तंतू ज्योतीहून आकाराने पुष्कळच लहान असल्यामुळे अन्वस्ताकार परावर्तकाच्या नाभीवर तो ठेवला असता झोत बाणासारखा सरळ जाऊ लागला. हाच त्याचा गुण आणि हाच त्याचा दोष. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपविणाऱ्या दिव्यांविरुद्ध अमेरिकेतील काही राज्यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्याच दशकात नियम केले, हे या दृष्टीने सूचक आहे.

या अडचणीवरील पहिला चिरस्थायी उपाय १९२५ च्या सुमारास ऑस्राम कंपनीच्या ‘बिलक्स’ बल्बाने दिला. एकाच काचगोलकात दोन तंतू. त्यांपैकी एकाखाली धातूची चिमुकली वाटी. वाटीमुळे त्या तंतूचा प्रकाश परावर्तकाच्या वरच्या अर्ध्या भागावरच पडे व तेथून खाली रस्त्याकडे वळे. भारतातील चालकांच्या बोलीतील ‘अप्पर’ आणि ‘डिपर’ हे याच दोन तंतूंचे वंशज होत; मालमोटारींच्या पाठीवर रंगविलेली रात्री डिपर वापरण्याची विनंती त्या वाटीचेच स्मरण देते. भारतात दिव्याच्या काचेचा वरचा भाग काळ्या रंगाने झाकण्याची चालही अनेक वर्षे होती. तीमागील हेतू स्तुत्य होता, पण युक्ती फसवी. डिपरचा प्रकाश परावर्तकाच्या वरच्याच अर्ध्या भागातून येत असल्यामुळे त्या काळ्या पट्टीने सौम्य झोतच अधिक रोडावे.

पुढे अमेरिका आणि युरोप यांचे मार्ग भिन्न झाले. अमेरिकेने १९४० च्या मोटारींपासून ‘सील्ड बीम’ सक्तीचा केला : तंतू, परावर्तक आणि भिंग मिळून काचेचा एकच बंद गोळा. तंतू जळाला की सबंध दिवाच बदलावयाचा. ही पद्धत खर्चिक आणि कालांतराने मागासलेली ठरली खरी. तथापि तंतू आणि परावर्तक यांचे नाते कोणाही मिस्त्रीला बिघडविता येऊ नये, ही दक्षता तीत आपोआप साधली होती. युरोपने बल्ब सुटा ठेवला आणि झोताला आकार देण्यावर भर दिला. फ्रान्समधील सिबिए या कारखान्याने १९५५ साली असममित झोत पुढे आणला. समोरच्या वाहनाच्या बाजूस सीमारेषा आडवी ठेवून रस्त्याच्या कडेकडे ती तिरपी वर चढविली, म्हणजे पादचारी दिसतो आणि समोरचा चालक दिपत नाही. डावीकडून वाहने हाकणाऱ्या भारतासारख्या देशांत अर्थातच हा चढ डाव्या अंगास असतो.

ही सीमारेषा किती काटेकोर असावी लागते, हे युरोपीय नियमांतील दोन आकड्यांवरून कळते. हॅलोजन दिवा २५ मीटरांवरील पडद्यावर रोखला असता, ७५ मीटरांवरील रस्त्याच्या कडेशी जुळणाऱ्या बिंदूवर किमान १२ लक्स प्रकाश हवा. ५० मीटरांवरून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांशी जुळणाऱ्या बिंदूवर तो ०.४ लक्सपेक्षा अधिक नसावा. एका बिंदूवर दुसऱ्याच्या तीसपट प्रकाश, आणि दोहोंच्या उंचीतील अंतर पडद्यावर अवघे अर्धा मीटर! तंतू आपल्या जागेवरून किंचित सरकला तरी हा हिशेब कोसळतो.

१९६२ मधील एच-१ आणि १९७१ मधील दोन तंतूंचा एच-४ या हॅलोजन बल्बांच्या बाबतीत तंतूची जागा राखण्याचे काम बल्बाच्या बैठकीवर सोपविण्यात आले. बैठकीच्या मापांचे प्रमाणीकरण झाल्याने कोणत्याही कारखान्याचा एच-४ कोणत्याही एच-४ दिव्यात बसला, की तंतू नेमका योजिलेल्या ठिकाणी येऊ लागला. अमेरिकेनेही १९८३ मध्ये बदलता येणारा बल्ब मान्य केला. बैठक ही अशा रीतीने दिवा घडविणारा आणि बल्ब घडविणारा यांच्यातील करार ठरली. मात्र या कराराचा भंग करणेही त्यामुळेच सोपे झाले.

१९९१ साली बीएमडब्ल्यूच्या सातव्या श्रेणीतील मोटारीत बॉश कंपनीचा झेनॉन दिवा आला. रूढ नाव झेनॉन असले तरी तो वायू प्रामुख्याने चाप तत्काळ उजळविण्यापुरता असतो. स्थिर प्रकाश येतो तो क्वार्ट्‌झच्या कुपीतील धातूंच्या क्षारांच्या बाष्पातून. चाप पेटविण्यास सुमारे २०,००० व्होल्टांचा झटका लागतो, आणि मग ‘बॅलास्ट’ नावाची पेटी सुमारे ८५ व्होल्टांवर तो धरून ठेवते. ३५ वॅट शक्तीत सुमारे ३२०० ल्युमेन प्रकाश मिळतो. एच-४ बल्बाच्या डिपर तंतूस ५५ वॅटांत सुमारे १००० ल्युमेनच देता येतात. या सामर्थ्याबरोबर युरोपीय नियमांनी बंधनेही घातली. मागे ओझे वाढून मोटारीचे नाक वर उचलले गेले तर झोत आपोआप खाली यावा, आणि काचेवरील चिखलाने प्रकाश विखुरू नये म्हणून काच धुण्याची सोय असावी. शिवाय या कुप्यांना हॅलोजनहून निराळी बैठक देण्यात आली, जेणेकरून चुकूनसुद्धा एकाच्या जागी दुसरा बसू नये. परावर्तकी दिव्यासाठीच्या कुपीवर तर अपारदर्शक पट्टे रंगविलेले असतात. नको त्या दिशेचा प्रकाश तेथेच अडतो.

बाजारातील झेनॉन-संचाचे सारे कसब ही निराळी बैठक काढून तिच्या जागी एच-४ वा एच-७ ची बैठक चिकटविण्यात आहे. पुढचे काम तासाभराचे. दिव्यामागचे रबरी झाकण काढून हॅलोजन बल्ब बाहेर घेतात, कुपी आत सरकवितात, बॅलास्ट मडगार्डच्या आतल्या अंगास बसवितात आणि बॅटरीपासून रिलेमार्गे स्वतंत्र वायर ओढतात. नव्या मोटारींत एक अडचण अधिक असते : मोटारीचा संगणक बल्बातून जाणारा प्रवाह तपासतो आणि वेगळा प्रवाह आढळला की बल्ब गेल्याचा इशारा देतो किंवा दिवा लुकलुकू लागतो. यास्तव संचाबरोबर त्या संगणकाला चकविणारी आणखी एक डबी विकली जाते. बैठकीने सांगितलेले नाकारले, आता संगणकाने सांगितलेलेही नाकारावयाचे!

बैठक जुळली तरी प्रकाशस्रोत जुळत नाही, ही यातील मूळ अडचण होय. हॅलोजनचा तंतू सरळ आणि सर्वांगी जवळजवळ सारखा तेजस्वी असतो. चाप वर वाकलेला असून त्याचे तेज विद्युदग्रांपाशी एकवटलेले असते. परावर्तकाचा प्रत्येक अंश तंतूच्या आकृतीवरून आखलेला असल्यामुळे चापाचा प्रकाश सीमारेषा ओलांडून वर सांडतो. एच-४ मध्ये दोन तंतूंचे काम एकाच कुपीवर येते, म्हणून ती विद्युच्चुंबकाने पुढेमागे सरकविण्याची युक्ती योजतात. त्या सरकत्या भागात थोडी ढिलाई आली की डिपर आणि अप्पर यांतील भेद पुसट होतो.

तरीही असा बदल करणारा चालक समाधानी असतो, आणि त्याचे समाधान ढोंगी नसते. मोटारीच्या अगदी पुढ्यातील रस्ता खरोखरच झळझळीत दिसतो. परंतु जवळचा प्रकाश वाढला की डोळ्याची बाहुली आकसते आणि दूरच्या अंधारातील वस्तू अधिक दुर्बोध होतात; अधिक दिसल्याची भावना व अधिक दिसणे या भिन्न गोष्टी आहेत. त्यात रंगाचा मोह मिसळतो. मोटार-कारखान्यांनी योजलेल्या कुप्यांचे वर्णतापमान ४३०० केल्विनच्या आसपास असते, तर बाजारात ६००० आणि ८००० केल्विनच्या निळसर कुप्यांना मागणी असते. निळसरपणा वाढतो तसा प्रकाश घटतो, आणि समोरच्याच्या डोळ्यांस होणारा त्रास मात्र वाढतो. घाटातील वळणावर एस. टी.च्या चालकाला किंवा सायकलस्वाराला क्षणभर रस्ताच दिसेनासा होतो. ज्याने दिवा बदलला त्याला त्याची वार्ताही नसते.

शासनसंस्थांचे निर्णय या पार्श्वभूमीवर वाचावे लागतात. अमेरिकेच्या महामार्ग-सुरक्षा प्रशासनाने २००१ मध्ये दिव्यांच्या दीप्तीविषयी लोकमत मागविले तेव्हा चार हजारांहून अधिक अभिप्राय आले. हॅलोजन दिव्याचे झेनॉनमध्ये रूपांतर करणारा संच तेथील मानकास उतरूच शकत नाही, अशी त्या प्रशासनाची भूमिका राहिली आहे. भारतात १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे ५२ वे कलम वाहनातील फेरफारांना मर्यादा घालते, आणि निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येणार नाही, असा त्याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये लावला. रस्त्यावरील अंमलबजावणीचे बळ याहून फार तोकडे आहे, हे सांगावयास नकोच.

२००७ मध्ये लेक्ससच्या मोटारीत एलईडीचा डिपर आला आणि पुढील दशकात कारखान्यांतून झेनॉन मागे पडत गेला. बाजारातील संचांनीही तोच मार्ग धरला. कुपीच्या जागी एलईडीची पट्टी आली, वाद तोच राहिला. जर्मनीच्या वाहतूक-प्रशासनाने २०२० मध्ये ऑस्रामच्या एका एलईडी बल्बास हॅलोजनच्या जागी बसविण्याची संमती दिली, ती मात्र सरसकट नव्हती. त्या बल्बातील प्रकाशस्रोत मूळ तंतूच्या जागेशी व मापाशी जुळविलेला होता, आणि संमती चाचणी झालेल्या मोटारींच्या व त्यांच्या दिव्यांच्या यादीपुरतीच होती. यादीत नसलेल्या मोटारीत तोच बल्ब बसविण्यास त्या संमतीने मुभा दिली नाही.