कुंडीतला वाटाणा आणि फाळक्यांचा कॅमेरा

हल्ली हाताने काहीही करायला घेतलं की पहिला प्रश्न पडतो, मोबाईल कुठे ठेवायचा? कागदाचा आकाशकंदील असो, क्रोशाची पिशवी असो की मातीचा गणपती. फोन स्टँडवर चढवायचा, टाइम-लॅप्सचं बटण दाबायचं आणि कामाला लागायचं. तीन तासांची खटपट तीस सेकंदांत दिसते. मजा येते, खोटं कशाला बोला. पण मग कुणीतरी खवचटपणे विचारतंच, "ही करण्याची हौस की दाखवण्याची?"

प्रश्न वाटतो तितका नवा नाही. आपल्याकडे एका माणसाने करणं आणि दाखवणं हे दोन्ही एकत्र, आणि तेही १९१२ साली, करून ठेवलंय. धुंडिराज गोविंद फाळके.

दादासाहेब म्हटलं की आपण थेट 'राजा हरिश्चंद्र'वर उडी मारतो. पण त्याआधीचा माणूस बघा. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्म, मुंबईच्या जे. जे. मध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण. मग फोटोग्राफी, पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग छापखाना. मधल्या काळात जादूचे प्रयोगही! आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा'. आजच्या भाषेत सांगायचं तर रिझ्युमे बघून एचआरवाले बिचकतील असा माणूस. छापखान्यातल्या भागीदारांशी पटेना म्हणून तेही सोडलं. १९११ साली गिरगावात येशू ख्रिस्तावरचा चित्रपट पाहिला आणि डोक्यात किडा शिरला. रोज तासन् तास सिनेमे पाहून डोळे इतके ताणले की काही काळ दृष्टीवरच बेतलं. वय एक्केचाळीस, हातात नोकरी नाही, घरात लहान मुलं. तरी विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत गडी लंडनला गेला आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आला.

आता आपल्या गोष्टीतला मुख्य नट. वाटाणा.

चित्रपटासाठी पैसे हवे होते आणि पैसेवाल्यांचा विश्वास बसत नव्हता. तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून जास्त काळ त्याची थोडी थोडी चित्रं घेतली. एका वेळी एक चित्र, की थांबायचं. सगळी जोडून चालवली तर पडद्यावर मातीतून कोंब वर येतो, पानं फुटतात, वेल चढते. नाव 'अंकुराची वाढ', लांबी जेमतेम मिनिटभर. ही फिल्म निवडक लोकांना दाखवली आणि कर्ज मिळालं.

'रोज एक फ्रेम घेतली' असं या गोष्टीत नेहमी सांगतात. आमच्यातला इंजिनियर इथे अडतो. त्या काळी पडद्यावर सेकंदाला साधारण १६ चित्रं धावायची. म्हणजे मिनिटाला ९६०. रोज एकच घेतली तर महिन्याच्या तीस चित्रांचा खेळ दोन सेकंदांत आटोपला असता! मिनिटभर चालायची तर दिवसाला तीसेक चित्रं हवीत. म्हणजे हा माणूस दिवसातून कितीदा त्या कुंडीपाशी जाऊन बसत असेल, विचार करा. आपला फोन आपण स्टँडवर ठेवून विसरतो. इथे प्रत्येक चित्राला माणूस हजर हवा.

आणि माणूस एकटा नव्हता. ही बाजू दादासाहेबांच्या कौतुकात झाकली जाते. कच्ची फिल्म कडेच्या भोकांशिवाय यायची. ती भोकं अंधाऱ्या खोलीत मशीनवर पाडावी लागत आणि ते काम सरस्वतीबाई शिकल्या. पुन्हा हिशोब करू. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं, प्रत्येक चित्राला दोन्ही कडांना चार-चार भोकं. फुटाला १२८. 'राजा हरिश्चंद्र' ३७०० फुटांचा. म्हणजे नुसत्या तयार चित्रपटापुरती पावणेपाच लाख भोकं! वाया गेलेली फिल्म आणि पुढच्या प्रती वेगळ्याच. शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, कपडे धुणं, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडणं आणि गरज पडली तेव्हा दागिने काढून देणं. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेत अण्णा साळुंके होते, कारण त्यात काम करायला कुणी बाई तयार झाली नव्हती. पण पडद्यामागे एका बाईचे हात पहिल्या फुटापासून होते. निर्मितीचा आनंद वगैरे आपण बोलतो तेव्हा तो कुणाच्या कष्टावर उभा आहे तेही मोजायला हवं.

पुढे यश आलं तरी फाळक्यांची खेळकर खटपट थांबली नाही. १९१५ साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. पडद्यावर काडेपेटीतल्या काड्या आपोआप हलतात, बास. आणि १९१७ साली त्याहून गमतीची गोष्ट केली. 'चित्रपट कसे तयार करतात' नावाची छोटी फिल्म काढली. तिचे काही तुकडे उरले आहेत. त्यात स्वतः फाळके दिसतात, नटांना सूचना देताना, फिल्म हाताळताना. मला यातलं धाडस फार आवडतं. जादूगाराचं सगळं पोट हातचलाखी लपवण्यावर चालतं. इथे प्रोफेसर केळफा स्वतःच अस्तन्या वर करून सांगतायत, या, हे असं करतात. त्यांना नुसती टाळी नको होती, करताना येणारी मजाही लोकांपुढे ठेवायची होती.

गोष्ट इथे थांबली असती तर छान झालं असतं. पण १९१८ मध्ये भांडवलदार भागीदारांसोबत 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' निघाली आणि खर्च किती, वेळ किती याची विचारणा सुरू झाली. खटके उडाले, फाळके सगळं सोडून काशीला गेले, तिथे 'रंगभूमी' नाटक लिहिलं, परत आले. पण ती आधीची घडी पुन्हा बसली नाही. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचाही. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला गेले तेव्हा चित्रपटाचं जग त्यांना मागे टाकून कधीच पुढे निघून गेलं होतं. भागीदारांना मी खलनायक ठरवणार नाही; ज्याचे पैसे अडकलेत तो तारीख मागणारच, हे आपण रोज मीटिंगमध्ये बघतो. पण वाटाण्याला तारीख देता येत नाही. तो त्याच्या वेळेने उगवतो आणि फाळक्यांना काम तसंच करता येत होतं.

तेव्हा करण्याची हौस की दाखवण्याची? 'अंकुराची वाढ' तर चक्क कर्ज मिळवायला, म्हणजे दाखवण्यासाठीच केली होती. म्हणून महिनाभर कुंडीपाशी घालवलेला वेळ खोटा ठरत नाही. दाखवायचं होतं म्हणूनच त्यांनी तो कोंब इतक्या बारकाईने पाहिला.

असो. येत्या शनिवारी वाटाणा पेरून बघायला हरकत नाही. फक्त फोन स्टँडवर विसरायचा नाही, प्रत्येक फोटो स्वतः काढायचा. दिवसाला तीस, महिनाभर. शिल्लक रजा आधी मोजून घ्या :-)