मुदतवाढ

"बाई, वही उद्या नक्की आणतो!" हे वाक्य नोकरीच्या काळात किती वेळा ऐकले याची गणती नाही. मी मुदत देत असे, पण एक प्रश्न विचारून. "उद्यापर्यंत काय काय करणार आहेस?" ज्याला सांगता येई, त्याची वही बहुधा येई.

हे आठवले माझ्या मेलबर्नच्या भाचीमुळे. परवा फोनवर तिथल्या अँसेट या जुन्या विमान कंपनीचा विषय निघाला आणि मी दोन दिवस तेच वाचत बसले.

रेजिनाल्ड अँसेट यांनी 1936 साली हॅमिल्टन ते मेलबर्न अशी विमानसेवा सुरू केली. पुढे कंपनी खूप मोठी झाली. सप्टेंबर 2001 मध्ये मात्र ती बुडाली आणि सुमारे 16 हजार कर्मचाऱ्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न उभा राहिला.

ऑस्ट्रेलियात 1993 पासून अशा कंपनीचा कारभार प्रशासकाकडे देण्याची सोय आहे. ज्यांचे पैसे येणे आहेत त्या धनकोंच्या दोन सभा होतात. पहिली लगेच होते. दुसरीत ठरते, की तडजोडीचा करार करायचा, कंपनी संचालकांना परत द्यायची, की मोडीत काढायची. ही सभा साधारण महिन्याभरात घ्यावी असा नियम आहे, कारण तोवर धनकोंना वसुलीचा तगादा लावता येत नाही. त्यांचे हात बांधलेले असतात ना!

पण एवढा पसारा महिन्यात कसा मोजणार? म्हणून न्यायालय मुदत वाढवून देऊ शकते. न्यायाधीश दोन्ही पारडी पाहतात. उशीर झाला तर धनकोंचे हाल, घाई केली तर मालमत्ता कवडीमोलाने जाणार.

अँसेटची दुसरी सभा मार्च 2002 मध्ये झाली. मधल्या काळात एक खरेदीदार पुढे आला आणि मागे हटला. त्याच मार्चमध्ये शेवटची विमाने उतरली. कंपनी वाचली नाहीच. पण पुढची कित्येक वर्षे मालमत्ता सावकाश विकून कर्मचाऱ्यांना त्यांच्या हक्काच्या रकमेपैकी सुमारे 96 टक्के मिळाले.

2020 मध्ये करोनाच्या तडाख्यात व्हर्जिन ऑस्ट्रेलियावर हीच पाळी आली. न्यायालयाने 18 ऑगस्टपर्यंत मुदत वाढवली. जूनमध्ये बेन कॅपिटल हा खरेदीदार ठरला, 4 सप्टेंबरच्या सभेत करार मंजूर झाला आणि कंपनी उडत राहिली. मात्र तारण नसलेल्या धनकोंच्या वाट्याला डॉलरमागे 9 ते 13 सेंट येतील असाच अंदाज होता. मुदतवाढीची किंमत कोणीतरी मोजतेच.

आपल्या मुंबईच्या जेट एअरवेजचे प्रकरण जून 2019 मध्ये लवादाकडे गेले. तारखा वाढत गेल्या, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. पाच वर्षे वाट पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या घरी काय झाले असेल?

मला थोडी कल्पना आहे. निवृत्तीच्या पैशातली काही ठेव आम्ही एका पतसंस्थेत ठेवली होती. नाव नको. ती अडचणीत आल्यावर दरवर्षी सभेत "अजून थोडी मुदत द्या" असा ठराव यायचा, आणि मीही हात वर करायचे. यांचा आजार वाढला तेव्हा ते पैसे हाताशी नव्हते.

आयुष्यभर पोरांना विचारलेला प्रश्न मी त्या सभेत एकदाही विचारला नाही. असो. तुमच्यावर अशी वेळ आली तर तुम्ही मात्र विचारा.