बाजारातला पत्त्यांचा क्लब

लातूरच्या गंजगोलाईची दुमजली इमारत १९१७ ची. आखणी नगररचनाकार फैयाजुद्दीन यांची. मधोमध अंबाबाई, भोवती सोळा रस्ते: सराफा, गूळ, मिरची, कापड. अशा पेठेत ‘मनोरंजन क्लब’ची पाटी लागली की इथं वाढलेली माझ्यासारखी बाई गप्प बसत नाही.

पाटीवर करमणूक, आत पत्ते. क्लबवाले कायद्याचा जो आडोसा घेतात, तो सिकंदराबादचा. तिथल्या क्रेसेंट रिक्रिएशन क्लबवर १९६३ मध्ये धाड पडली. कायदा लावला निजामाच्या काळातला, फसली १३०५ चा. त्याच निजामाच्या राज्यात १९४८ पर्यंत नांदेड-लातूरही होतं. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं: पडलेले पत्ते ध्यानात ठेवावे लागतात, म्हणून रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ, तीन पत्ती निव्वळ नशिबाचा.

पुढचं मात्र क्लबवाले सांगत नाहीत. रमीवर जागेचा मालक नफा कमावत असेल तर गुन्हा होऊ शकतो, हेही त्याच निकालात आहे.

म्हणून आम्ही बायकांनी अर्जात एवढंच विचारलं: डावामागे नाल, म्हणजे मालकाचा वाटा, किती काढता? वही दाखवा. आडत्याकडून सोयाबीनची पट्टी घेऊन निघालेला शेतकरी क्लबच्या जिन्यानं वर गेला, की पेरणीचं बियाणं उधारीवर येतं. आडव्या बाटलीला मत देऊन दारूचं दुकान बंद करण्याचा हक्क महाराष्ट्रातल्या बायकांना मिळाला आहे. पत्त्यांच्या क्लबबाबतही तोच हक्क हवा.