लयीचा आकडा

गेल्या दिवाळीत आमच्या नातीने संगणकावर एक चाल लिहिली. पाच रेघांवर स्वर टिपून झाले, माथ्यावर ‘सावकाश’ हा शब्दही तिने मोठ्या हौसेने घातला, आणि वाजवण्याची कळ दाबली. यंत्र जे धावत सुटले, ते शेवटच्या स्वराला धापा टाकीतच थांबले!

“आजोबा, ह्याला वाचता येत नाही का हो?” ती रुसून म्हणाली.

खरोखरच येत नव्हते. तिने शब्द लिहिला होता. यंत्राला हवा होता आकडा. तो न मिळाल्यामुळे त्याने आपल्या पदरचा, मिनिटाला १२० ठोक्यांचा, वेग धरला होता. हा शब्दाचा आणि आकड्याचा तंटा फार जुना आहे, आणि मोठमोठी माणसे त्यात गुंतलेली आहेत.

युरोपातले रचनाकार आपल्या संगीतावर इटालियन शब्द लिहीत. ‘अलेग्रो’चा मूळ अर्थ आनंदी, ‘आन्दान्ते’चा चालता. पण एकाची चाल ती दुसऱ्याची धाव! हा घोळ मिटावा म्हणून एत्येन लुलिये या फ्रेंच संगीतज्ञाने १६९६ साली लंबकाचे एक लयमापक सुचवले. दोरी लांब केली की ठोका मंद, आखूड केली की जलद. अडचण एकच होती. सेकंदाला एक ठोका देणारा लंबक जवळजवळ एक मीटर लांब लागतो, आणि मिनिटाला ४० ठोके हवे असतील तर सव्वादोन मीटर. असले धूड पियानोवर ठेवायचे कुठे?

१८१४ साली ॲम्स्टरडॅममधल्या विंकेल नावाच्या कारागिराला युक्ती सुचली. दांडीला मध्येच टेकू द्यायचा आणि टेकूच्या खाली एक व वर एक अशी दोन वजने लावायची. वरचे वजन खालच्याच्या ओढीला विरोध करते, म्हणून वीतभर दांडीही संथ डोलू लागते. वरचे वजन सरकवले की वेग बदलतो. योहान मेल्त्सेल याने ती युक्ती पाहिली, दांडीमागे आकड्यांची पट्टी बसवली, ‘मेट्रोनोम’ असे नाव दिले आणि १८१५ साली एकस्व आपल्या नावावर घेतले. विंकेलने दाद मागितली. हॉलंडच्या विद्वत्सभेने कौलही त्याच्या बाजूने दिला. परंतु तोवर जगाच्या तोंडी मेल्त्सेलचेच नाव बसले होते.

हा मेल्त्सेल बेथोव्हनचा परिचित. बहिऱ्या होत चाललेल्या बेथोव्हनला कानाचे कर्णे त्यानेच करून दिले होते. १८१३ च्या एका रचनेच्या मालकीवरून दोघांचे बिनसले, पण मेट्रोनोम दिसताच बेथोव्हन राग विसरला. १८१७ साली त्याने आपल्या तोवरच्या आठही सिंफनींचे वेग आकड्यांत छापवून घेतले. पुढच्याच वर्षापासून त्याच्याशी बोलायला येणारे लोक आपले म्हणणे वहीत लिहून दाखवू लागले. ज्याला आपलेच संगीत ऐकू येत नाही, त्याने वादकाला ‘जरा सावकाश’ म्हणायचे तरी केव्हा? आकडा हाच त्याचा कान आणि आकडा हीच त्याची वाचा.

आणि तरीही आकड्याने तंटा मिटला नाहीच! ‘हामरक्लाविअर’ या सोनाटावर त्याने मिनिटाला १३८ ठोके घातले, तेही अर्ध्या स्वराचे. हा वेग इतका अफाट आहे की बहुतेक वादक तो सोडून सावकाश वाजवतात. यंत्र बिघडले होते, आकडा वाचण्यात चूक झाली, की त्याला तेच हवे होते, हा वाद अजून चालू आहे.

१९८३ साली मिडी ही वाद्ययंत्रांची सामाईक भाषा आली आणि आकड्याचे राज्य पक्के झाले. मिडीच्या फायलीत वेग लिहितात तो एका पाव स्वराला किती मायक्रोसेकंद, या हिशेबाने. ५,००,००० म्हणजे मिनिटाला १२०. काहीच सांगितले नाही तर हाच धरायचा. शेवटी लय हळूहळू उतरवायची असेल, तर ११२, १०४, ९६ अशा पायऱ्या मांडाव्या लागतात. मग त्या सॉफ्टवेअरने स्वतः मांडोत की आपण.

आपल्याकडे पंडित भातखंडे यांनी शेकडो चिजा स्वरलिपीत बांधून ठेवल्या. सम, टाळी, खाली, मात्रा सारे काटेकोर. पण चिजेच्या माथ्यावर सहसा ‘विलंबित’ किंवा ‘मध्यलय’ एवढाच शब्द. ठोक्यांचा आकडा नाही. कारण ती लय गुरूने हातावर टाळी देऊन शिकवायची असते. जिथे गुरू समोर आहे तिथे शब्द पुरतो. जिथे माणूस ऐकू शकत नाही, किंवा ऐकणारा माणूसच नसून यंत्र असते, तिथे आकडा लागतो.

आम्ही नातीला हे सारे सांगितले. तिने क्षणभर विचार केला, स्वतःच चाल गुणगुणत मांडीवर ठेका धरला आणि म्हणाली, “आजोबा, घड्याळ बघून मोजा पाहू.”

मिनिटाला ६४ भरले. तिने तो आकडा घातला, आणि यंत्र तिच्या लयीत चालू लागले. आधी मांडीवरची थाप, मग आकडा. क्रम एवढा सांभाळला म्हणजे दोघांचेही जमते.